पन्नास मीटरांच्या आत

शाळेचं फाटक उघडायच्या दहा मिनिटं आधी समोरचा रस्ता तयार व्हायला लागतो. रिक्षावाले काका गाड्या वळवून लावतात. नातवंडांना न्यायला आलेल्या आज्या भिंतीची सावली धरतात. फाटकासमोरच्या जनरल स्टोअर्सचे मालक छताच्या आकड्याला टांगलेल्या वेफर्सच्या माळा काठीने काढून खालच्या खिळ्याला अडकवतात. खालचा खिळा म्हणजे तिसरी-चौथीतल्या पोराचा हात पोचेल इतक्या उंचीवर. साडेबाराची घंटा होते आणि पुढची वीस मिनिटं मालकांना मान वर करायला फुरसत नसते.

पुण्याच्या जुन्या पेठांमधली ही शाळा. नाव सांगत नाही, कारण हेच दृश्य पुढच्या चौकातल्या शाळेसमोरही होतं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटर अंतर मी पावलांनी मोजलं. तेवढ्या टापूत दोन जनरल स्टोअर्स, एक बेकरी, चायनीज भेळेची गाडी, गोळेवाला, काचेच्या दाराचा शीतपेयांचा फ्रीज, आणि फुटपाथच्या कडेला पाटी मांडून बसलेल्या एक मावशी. त्यांच्या पाटीत पेरू, काकडी, चिंचा आणि उकडलेल्या शेंगा.

हे पन्नास मीटर माझ्या मनचे नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२० साली शाळकरी मुलांच्या खाण्यासाठी नियम काढले. चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, मेसमध्ये, वसतिगृहात मुलांना विकायचे नाहीत. फाटकापासून कुठल्याही दिशेला पन्नास मीटरपर्यंतही विकायचे नाहीत. त्याच्याही आधी, मे २०१७मध्ये, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून कँटीनमधून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर वगैरे मंडळींना बाहेर काढलं होतं. त्यांच्या जागी काय चालेल याची यादीही दिली होती. इडली, राजमा, खीर, नारळपाणी असा तो बेत होता.

"नियम माहितीये मला," दुकानाचे मालक गल्ला बंद करता करता म्हणाले. "पण दुकान आजोबांचं आहे, मॅडम. शाळेची ही इमारत नंतरची. शाळाच माझ्या पन्नास मीटरांच्या आत आली."

संपादकांनी यंदा लठ्ठपणावर लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा एक गोष्ट आधी ठरवून टाकली होती. खाणाऱ्याला काही विचारायचं नाही. त्याला सगळेच विचारतात. डॉक्टर विचारतात, सासूबाई विचारतात, लग्नात भेटलेली लांबची मामी विचारते. त्याऐवजी विकणाऱ्याला विचारायचं, रस्ता आखणाऱ्याला, कँटीन चालवणाऱ्याला. माणसाच्या पोटावर चरबी चढते त्यात त्याच्या जिभेचा हात किती आणि जिभेपुढे काय, कुठे, किती रुपयांत मांडून ठेवलं आहे याचा किती, हे बघायचं.

माळा, फ्रीज आणि पाटी

दुकानदाराचं गणित सरळ आहे. पाच रुपयांच्या पाकिटावर त्याला पैशांत मोजावं एवढंच सुटतं, पण ते पाकीट महिनोन् महिने नासत नाही, उंदीर लागला नाही तर वाया जात नाही, आणि सुटे पैसे परत द्यावे लागत नाहीत. "केळी ठेवून बघितली होती," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी काळी पडतात. नुकसान कुणी भरून द्यायचं?" वेफर्सवाल्या कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी येतो, शिळा माल बदलून देतो, मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून वर पाठवतो. माळ टांगायची तार, स्टँड, वरचा रंगीत फलक सगळं त्यांचं. फ्रीजचंही तसंच. फ्रीज कंपनीचा, वीजबिल दुकानदाराचं. त्यात ताकाच्या पिशव्या ठेवल्या की सेल्समन कुरकुरतो.

ताक विकणाऱ्याने असा फ्रीज दिला असता तर? मालकांना हा प्रश्न गमतीचा वाटला. गल्लीतल्या डेअरीवाल्याला फ्रीज वाटणं परवडत नाही. पेरूच्या बागाइतदाराकडे मांडणीचा फोटो काढणारा माणूस नसतो. पन्नास मीटरांतली ही चढाओढ पदार्थांची वाटते, पण तिच्यामागे उभी आहे पुरवठ्याची यंत्रणा, आणि ती एकाच बाजूला आहे.

किमतीही तिच्याच बाजूला झुकतात. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. साखरेची शीतपेयं चाळीस टक्क्यांच्या गटात गेली, म्हणजे पूर्वीचा कर आणि उपकर मिळून जेवढं होत होतं जवळपास तिथेच राहिली. मात्र फरसाण, बिस्किटं, चॉकलेट, झटपट नूडल्स पाच टक्क्यांवर उतरली. घरखर्चाला हातभार म्हणून बातमी चांगलीच होती. पाच रुपयांच्या पाकिटाची किंमत सुट्या पैशांच्या सोयीसाठी पाचच राहिली आणि आतले ग्रॅम वाढवल्याचं कंपन्यांनीच जाहीर केलं.

पाकिटाच्या मागे किती मीठ, किती चरबी हे छापलेलं असतं, पण ते वाचायला मला चष्मा काढून डोळ्याशी धरावं लागलं. चिलीने २०१६ साली पाकिटांच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले: साखर जास्त, मीठ जास्त, उष्मांक जास्त. शिक्का असलेल्या पाकिटावर मुलांना भुलवणारी कार्टून छापायला बंदी आली आणि ते पदार्थ शाळेत विकायलाही. आपल्याकडे २०२२ साली पाकिटांना अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा आला. वेफर्सच्या पाकिटावर एक तारा दिसला तर चौथीतलं पोर त्याला बक्षीस समजेल, ही माझी शंका. तिच्यावर बरेच पोषणतज्ज्ञही बोलले आहेत.

पाटीवाल्या मावशींचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "गाडी आली की पहिली माझी पाटी उचलतात. दुकानाला कोण हात लावतंय?" गाडी म्हणजे अतिक्रमणाची. मुलांच्या खाण्याचा नियम आणि फुटपाथवरच्या अतिक्रमणाचा नियम हे वेगळे कागद. पण रस्त्यावर दोन्ही मिळून घडतं ते असं, की या टापूतला सगळ्यात निरुपद्रवी माल विकणारी बाई पहिली उठते आणि वेफर्सची माळ जागची हलत नाही. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे. त्याखालच्या समितीने शाळेजवळच्या जागा फळं-शेंगा विकणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या तर पन्नास मीटरांचा नियम बंदीपुरता उरणार नाही. याला पैसा लागत नाही, पण दोन खात्यांना एका टेबलाशी बसावं लागतं.

चकलीची गोष्ट

हा दिवाळी अंक वाचताना तुमच्या शेजारी ताटली असणार, म्हणून आधीच सांगते, फराळावर माझा काही आरोप नाही.

चकली घ्या. भाजणीसाठी तांदूळ, हरभराडाळ, उडीद, मूग वेगवेगळे भाजायचे, गिरणीत रांग लावायची, उकड काढायची, मळायची, सोऱ्या दाबताना खांदा भरून यायचा, आणि तळताना पहिला घाणा हमखास बिघडायचा. एवढ्या खटपटीनंतर डबा भरायचा आणि तो आई वरच्या फळीवर ठेवायची. चकलीत तेल तेव्हाही होतं. पण तेलावर पहारा होता: वेळेचा, कष्टाचा, वरच्या फळीचा. वर्षातून एकदा हा उद्योग झाला की पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी सोऱ्याचं नाव काढत नसे. शिवाय हा सगळा पहारा बायकांच्या खांद्यावर होता, त्यामुळे तो परत आणा असं म्हणायची माझी तयारी नाही.

आता चकली बारा महिने पाकिटात टांगलेली आहे, आणि रात्री अकराला दहा मिनिटांत दाराशी येते. खाणाऱ्याचा संयम मागच्या पिढीपेक्षा घसरला असं मला वाटत नाही. त्याच्या आणि चकलीच्या मध्ये जे जे उभं होतं, ते एकेक करून बाजूला झालं. जिथे पूर्वी अडथळा होता तिथे आता ज्याने त्याने स्वतःचा निर्धार आणून उभा करायचा, तोही दिवसातून पंधरा वेळा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली एका निबंधात हा प्रश्न नेमका मांडला होता. हा माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. या अख्ख्या समाजात हा आजार इतका का आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शोधून दुसरा सुटत नाही. आपल्याकडे दवाखाने, व्यायामशाळा आणि आहारतज्ज्ञांची मोबाइलवरची पॅकेजेस सगळी पहिल्या प्रश्नावर उभी आहेत. ज्याला परवडतं तो पैसे भरून आपल्या परिसरातून सुटका करून घेतो.

सडसडीत दिसणारी माणसं

या विषयातलं जगभर गाजलेलं काम पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं बारीक होती. दंड बारीक, पोट बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरची चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक बाळात लपलेलं स्थूल बाळ.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांना तब्येतीत दिसत असताना मधुमेह का होतो, याचं इतकं सोपं चित्र दुसरं नाही. पुढे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनेही हेच सांगितलं. २०२३मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत, पण कंबरेच्या घेराने मोजलेला ३९.५ टक्क्यांत. वजनकाटा ज्यांना सोडून देतो त्यांना शिंप्याची टेप पकडते.

मग प्रतिबंध सुरू कुठून करायचा? याज्ञिकांच्या त्याच गावांमधल्या अभ्यासात दिसलं, की ज्या आया गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं आकाराने बरी होती. नुसत्या भाकरीच्या उष्मांकांशी बाळाच्या आकाराचं तेवढं नातं दिसलं नाही. ज्यांनी स्वयंपाकघरातली पंगत आतून बघितली आहे त्यांना याचा अर्थ कळेल. पालेभाजी शिजली की पातेल्यात हिरवी दिसते, वाढायला घेतली की चार घासांची होते. आधी घरातले पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, आणि शेवटी पातेलं पुसून घेणारी ती. तिच्या ताटात भाजी येते की नाही यावर तीस वर्षांनंतरच्या कंबरेच्या घेराचा काही भाग ठरतो.

त्यामुळे कुपोषणासाठी एक खातं, लठ्ठपणासाठी दुसरं अशी वाटणी आपल्याकडे चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के खुजी आढळली, आणि त्याच फेरीत २४ टक्के बायका नि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ. आधीच्या फेरीत बायका २०.६ आणि पुरुष १८.९ टक्के होते. हे आकडे दोन वेगळ्या देशांचे वाटतात, पण पुष्कळदा एकाच खोलीत राहतात.

चालायचं कुठे

चाला, चाला, असं सगळे सांगतात. पुण्यात हे सांगणं थोडं धाडसाचं आहे.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची पंधरा सेंटिमीटरच्या वर नको. दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील आणि गुडघा दुखणारी बाई न बिचकता चढेल, इतका साधा हिशेब. प्रत्यक्षात मोकळ्या जागेत डीपी असतो, होर्डिंगचा खांब असतो, पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांचा भारा असतो. प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी गाडी आत जावी म्हणून फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. गाडीला सोय व्हावी म्हणून माणसाने उतरायचं. ज्येष्ठ मंडळी मग सरळ रस्त्यावरूनच चालतात, आणि त्यांची मुलं त्यांना सांगतात, बाबा, उगीच बाहेर पडू नका.

याला उलटं उत्तरही याच शहरात आहे. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानासमोरून चालत बघा. काही वर्षांपूर्वी इथला फुटपाथ रुंद केला, झाडं तोडण्याऐवजी आखणीत सामावून घेतली, बसायला बाक आणि मुलांना खेळायला जागा ठेवली, गाड्या लावायच्या जागा आखून दिल्या. संध्याकाळी सातला तिथे कोण कोण दिसतं? कॉलेजची पोरं तर आहेतच. पण नऊवारीतल्या आजी बाकावर टेकून परत उठतात, बाबागाडी ढकलणारं जोडपं आहे, काठी टेकत आलेले गृहस्थ आहेत. यातलं कुणी व्यायाम करायला आलेलं नाही. व्यायाम होतो आहे. दुचाकी चढू नये म्हणून लावलेले खांब काही ठिकाणी वाकलेत आणि संधी मिळताच एखादा स्कूटरवाला आत शिरतोही, पण एवढं पुण्याला माफ.

महापालिकेचं पादचारी धोरण २०१६चं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध माणसं निवांत उभी राहून गप्पा मारतात. एरवी तिथे खरेदी म्हणजे हॉर्न चुकवत चालणं. सायकलींचं नशीब त्या मानाने खोटं. २०१७च्या डिसेंबरात भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली वाजतगाजत आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. सलग मार्गच नसेल तर सायकल घेऊन जायचं कुठे?

बागांचं वेगळंच. शहरातल्या बऱ्याच बागा सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात, दुपारी कुलूप. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सकाळी सहाला घरातून निघतात, चार घरची कामं उरकून दीडला मोकळ्या होतात, पाचला पुन्हा दोन घरचा स्वयंपाक. त्यांच्या दिवसातला स्वतःचा म्हणावा असा वेळ दुपारी दोन ते चार, आणि बाग तेव्हाच बंद. बागेत नगरसेवकांच्या निधीतून बसवलेली व्यायामाची यंत्रं आहेत. त्यावर निधी देणाऱ्यांचं नाव यंत्राच्या वापराच्या सूचनेपेक्षा ठळक आहे.

ताईंना मी विचारलं, चालायला जाता का. त्या हसल्या. "चालणं कमी आहे का आमचं?" खरंच आहे. हालचाल त्यांच्याकडे भरपूर. त्यांना तीन वर्षांपासून साखरेची गोळी चालू आहे ती दुसऱ्या कशाने. सकाळी डबा करायला वेळ नसतो, त्यामुळे चार घरी चार कप चहा, बरोबर खारी नाहीतर बिस्किटं, आणि खरं जेवण तीन वाजता. दोन चमचे साखरेच्या चार कपांतच तीसेक ग्रॅम साखर होते. राष्ट्रीय पोषण संस्थेची दिवसभराची शिफारस पंचवीस ग्रॅमच्या आत आहे. ही साखर त्यांना प्रेमाने, आग्रहाने आणि पगारवाढीऐवजी मिळते. त्यातल्या एका घरात मी राहते.

अॅमस्टरडॅमचं पाणी

एखादं शहर हे सगळं एकत्र हातात घेतं तेव्हा काय दिसतं, याचं सर्वांत चर्चेतलं उदाहरण अॅमस्टरडॅमचं. तिथे एरिक व्हॅन डर बर्ग नावाच्या पालिका पदाधिकाऱ्याने २०१२-१३च्या सुमारास मुलांच्या वजनाचा कार्यक्रम सुरू केला. हे गृहस्थ बाजारपेठेला मोकळीक द्या म्हणणाऱ्या उजव्या पक्षाचे. त्यामुळे लोकांच्या ताटात सरकार नको, अशी टीका त्यांच्यावर स्वपक्षातूनच होणं साहजिक होतं. त्यांचा युक्तिवाद असा होता, की मोठ्यांनी काय खावं हे त्यांचं ते बघतील, पण मुलाला निवड करायचं स्वातंत्र्य असतं असं म्हणणं हाच विनोद आहे.

तपशिलात सगळं बारीकसारीक आहे. शाळेत प्यायला पाणी आणि दूध, रसाचे गोड डबे घरी. वाढदिवसाला वर्गात वाटायचं ते काहीतरी बरं. खेळायच्या जागांजवळ पाण्याचे नळ. पालिकेच्या मदतीने होणाऱ्या खेळांच्या कार्यक्रमांना शीतपेय नि फास्टफूड कंपन्यांचे प्रायोजक नकोत. जिथे स्थलांतरितांची आणि गरिबांची वस्ती जास्त, तिथे काम जास्त, कारण लठ्ठ मुलंही तिथेच जास्त होती. बांधकाम, क्रीडा, शिक्षण, आरोग्य, प्रत्येक खात्याला या कामाचा वाटा. आणि मुदत २०३३ पर्यंतची, म्हणजे एक मूल जन्मून मोठं होईपर्यंतची. २०१२ ते २०१५ या काळात तिथल्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २१ वरून १८.५ टक्क्यांवर आलं. इतक्या गोष्टी एकदम केल्यावर कशाचा वाटा किती, आणि कार्यक्रमाशिवाय काय झालं असतं, हे वेगळं काढता येत नाही. संशोधकांनी त्यावर बोट ठेवलंच आहे. तरीही मला त्यातला नळ आवडला. आपल्याकडे मैदानावर खेळून आलेल्या पोराला फुकट, थंड, स्वच्छ पाणी कुठे मिळतं? जवळात जवळची सोय म्हणजे तो काचेच्या दाराचा फ्रीज.

निविदा आणि समोसा

२०२५च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. कुठल्या पेयात किती चमचे साखर, ते मुलांना दिसावं. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत, संस्थांत तेल आणि साखरेचे असे फलक लावण्याचा सल्ला दिला, नागपूरच्या एम्सचं नाव त्यात पुढे आलं, आणि दोन दिवस देशभर समोसा-जिलेबीच्या अब्रूचा प्रश्न गाजला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला कुणी सांगितलेलं नाही, हा कामाच्या जागी बरं काय ते निवडायचा सल्ला आहे. बिचाऱ्या समोशाने फुकट बदनामी सोसली.

फलक वाईट नाही. पण एका मोठ्या कार्यालयाचं कँटीन चालवणाऱ्या दादांनी मला जे समजावलं, ते फलकावर मावणारं नव्हतं. कँटीनची निविदा निघते तेव्हा सगळ्यांत कमी दराची बोली जिंकते. थाळीचा दर तीन वर्षांसाठी बांधलेला. तेल-डाळी महागल्या तरी थाळी त्याच दरात. "मग सुटतं कशावर? चहा, वडा, भजी, वेफर्स, थंडा. थाळी आम्ही ग्राहक यावा म्हणून चालवतो." काकडी-टोमॅटो चिरायला माणूस लागतो, उरलं तर फेकावं लागतं. बटाटा टिकतो. कढई तापलेली असतेच. तिच्यात पडेल ते विकलं जातं. पुन्हा पुन्हा तळून तेलात वाढणारे ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा नियम आहे, पण मोजायचं यंत्र आणि मोजायला येणारा माणूस त्यांनी अजून बघितलेला नाही.

निविदेत काय लिहिलं तर फरक पडेल, असं विचारल्यावर दादांना उत्तरासाठी थांबावं लागलं नाही. दुसरी भाजी तळलेली नको, असं लिहा. ताक आणि फळ थाळीतच धरा नि त्याचे पैसे द्या. वेफर्सला परवानगीच देऊ नका, म्हणजे शेजारचा बोलीवाला त्यावर हिशेब धरून माझ्यापेक्षा कमी बोली लावणार नाही. "सगळ्यांना सारखा नियम असेल तर मला काय, मी उसळ विकीन."

सरकारी शाळांत हे निम्मं झालेलंच आहे, याकडे लक्ष जात नाही. पूर्वीचा शालेय पोषण आहार, आताची पीएम पोषण योजना. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात ४५० उष्मांक, बारा ग्रॅम प्रथिनं, पन्नास ग्रॅम भाजी आणि फक्त पाच ग्रॅम तेल, असं कागदावर नेमकं ठरलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्या बायका ते शिजवतात, काही शाळांच्या परसबागेतला पालक त्यात पडतो. डाळ पातळ असते, भाजी शोधावी लागते, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी हजारो रुपये फी घेणाऱ्या शाळेच्या कँटीनला लागू नसलेलं मोजमाप जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या खिचडीला लागू आहे.

त्या फी घेणाऱ्यांपैकी एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला, ओळखीच्या एका आईबरोबर, मला मागच्या खुर्चीत बसता आलं. विषयपत्रिकेत पाचवा विषय कँटीन. आधीचे चार विषय लवकर उरकले. एका आईने विचारलं, शासन निर्णय निघून इतकी वर्षं झाली, आपल्याकडे वेफर्स अजून कसे? मुख्याध्यापिका म्हणाल्या, बंदच आहेत, फक्त मधल्या सुट्टीत ठेवतो. कुणी शेंगदाण्याच्या चिक्कीचा मुद्दा काढला. तिच्यात गूळ आहे, गूळ म्हणजे साखरच, नाही कशी, लोह असतं, यावर पंधरा मिनिटं गेली. एका बाबांनी मूल डबा परत आणतं अशी तक्रार केली, तेव्हा मधली सुट्टी पंधरा मिनिटांची आहे आणि त्यात हात धुवायची रांग पण आली, हे पहिल्यांदा बोललं गेलं. सुट्टी वीस मिनिटांची करायचं ठरलं. तो मला त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा निर्णय वाटला.

मग कँटीनवाल्यांना आत बोलावलं. ते हात जोडून उभे राहिले. वेफर्स आणि थंडा काढतो, म्हणाले, उद्यापासून काढतो, फळांच्या वाट्या आणि मटकीची उसळ ठेवतो. फक्त भाडं निम्मं करा.

खजिनदारांनी वही उघडली. कँटीनच्या भाड्यातून क्रीडामहोत्सवाचा मंडप आणि खेळाच्या शिक्षकांचं मानधन निघत होतं. भाडं निम्मं केलं तर खेळाचे सर आठवड्यातून दोनच दिवस येतील, असं त्यांनी सांगितलं. विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं, आणि तोवर क्रीडामहोत्सवासाठी प्रायोजक मिळतो का ते बघायला दोन पालकांची समिती नेमली गेली. समितीतल्या एकांनी लगेच सांगितलं की त्यांच्या ओळखीत एक चांगला प्रायोजक आहे, बिस्किटांच्या कंपनीत.